रोपं नकोत, राखणदार द्या

जून लागला की आमच्या गटातल्या प्रत्येकाचा फोन वाजायला लागतो. "तुमच्या डोंगरावर झाडं लावायचीत. किती खड्डे तयार आहेत?" कुणाचा वाढदिवस असतो, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, एखाद्या पतसंस्थेचा वर्धापनदिन. माणसं मनानं चांगली असतात. रोपं त्यांची, टेम्पो त्यांचा, नाश्ता त्यांचा, फोटोवालाही त्यांचाच. यंदा आम्ही डोंगरावरच्या माळासाठी सगळ्यांना हात जोडून "नको" म्हणालो. त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. "झाडांना विरोध करणारे निसर्गप्रेमी पहिल्यांदाच बघतोय," असं एकानं ग्रुपवर लिहिलं आणि खाली पन्नास अंगठे पडले. तिथं दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी आम्ही कोण ते सांगतो. नोंदणीकृत संस्था वगैरे काही नाही. शहरातले आम्ही आठ-दहा जण: दोन शिक्षक, एक निवृत्त बँकवाले काका, एक मेडिकल दुकानदार, दोन कॉलेजची पोरं, एमआयडीसीत शिफ्ट करणारे दोघं, आणि मी. आणि डोंगराच्या पायथ्याच्या गावातले पंधरा-वीस जण, ज्यांच्याशिवाय आमचा काही उपयोग नाही. डोंगराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की रविवारी गाड्या येतात, मग चिप्सची पाकिटं येतात आणि रात्री बाटल्या. जमीन वनखात्याची आहे, शेजारचं थोडं गायरान गावचं. ग्रामसभेनं ठराव करून वरच्या माळावर मोकाट चराई बंद केली, त्याला सहा वर्षं झाली. एवढीच आमची 'प्रकल्पाची माहिती'.

आता बारा महिने आम्ही तिथं करतो काय, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही झाडं लावतो. मृगाच्या पावसानं गवताला कोंब फुटतात. तेव्हाचे पहिले दीड-दोन महिने वर जनावर जाऊ द्यायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. कोवळा कोंब खाल्ला गेला की त्या वर्षीचं गवत संपलं. श्रावण-भाद्रपदात गवत गुडघ्याला लागतं, चांगल्या वर्षी कमरेला. मग कापणी. निम्मा माळ फुलोऱ्यात कापायचा म्हणजे चारा चांगला मिळतो, निम्मा दिवाळीनंतर बी झडल्यावर कापायचा म्हणजे पुढच्या वर्षीचं बी जमिनीत राहतं. दरवर्षी बाजू बदलायची. थंडीत माळाच्या कडेनं दहा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा काढायची. आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पुन्हा पाऊस येईपर्यंत राखण. रोज संध्याकाळी दोघांनी वर जायचं, अंधार पडेपर्यंत बसायचं, धूर दिसतोय का बघायचं, खाली यायचं. बस. यात फोटो काढण्यासारखं काही नाही. चार महिने रोज संध्याकाळी दोन माणसं दगडावर बसलीत, याचा फोटो कोण लाइक करणार?

यंदाचं प्रकरण असं झालं. एका मोठ्या कंपनीचा सीएसआरचा निधी होता. वरच्या माळावर पाच हजार रोपं, जेसीबीनं खड्डे, पहिल्या वर्षी टँकरनं पाणी, पायथ्याला कमान आणि बोर्ड. गावातल्या काही जणांनाही हे पटलं होतं, कारण जेसीबी म्हणजे कुणाला तरी काम, टँकर म्हणजे कुणाला तरी काम. आम्ही म्हणालो, खालच्या ओढ्याच्या बाजूला, जिथं माती खोल आहे तिथं, लावा. करंज, चिंच, बोर, कडुलिंब, बाभूळ, जे आधीपासून आपल्याकडं जगतं ते लावा. गावठाणात लावा, शाळेत लावा, बांधावर लावा. वरच्या माळावर नको. त्यांना वरच हवं होतं, कारण वरचं हायवेवरून दिसतं. बोलणी तिथंच थांबली.

आता "वर का नको" हा खरा प्रश्न. त्यासाठी आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७,००० चौरस किलोमीटरच्या वर. नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं. या एका जिल्ह्यात पश्चिमेला अकोले तालुका आहे, जिथं घाटघर, रतनवाडीला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, जिथं कळसूबाई आहे, हरिश्चंद्रगडाचं रान आहे. आणि त्याच जिल्ह्यात नगर, पारनेर, कर्जत, जामखेड आहे, जिथं चारशे-पाचशे मिलिमीटर पडला तर चांगलं साल म्हणायचं आणि वाईट साली तेवढाही पडत नाही. अकोल्याचं रान हे झाडांचं रान. आपल्याकडचं रान हे गवताचं. मधेमधे एखादी हिवर, एखादी बोर, खैराचं खुरटं झाड आणि बाकी सगळं कुसळी, पवना, मारवेल. हे गवत म्हणजे जंगल मेल्यावर उरलेला सांगाडा नव्हे. वीतभर मुरमाड माती आणि चार महिन्यांच्या पावसावर जे उभं राहू शकतं, ते हे.

पण आपल्या सरकारी भाषेत याला शब्द आहे 'पडीक'. देशभरातल्या पडीक जमिनींचे नकाशे निघतात, त्यात झुडपी माळ आणि चराऊ कुरणं या पडीक जमिनीच्याच जाती म्हणून मोजल्या जातात. एकदा कागदावर पडीक झालं की तिथं काहीही करता येतं. झाडं लावा, सोलर लावा, मुरूम उचला. कुणी विचारत नाही, कारण तिथं 'काहीच नव्हतं'.

काहीच नसलेल्या त्या माळावर आम्ही गेल्या सहा वर्षांत काय काय बघितलं, ते सांगतो. खोकड. रात्री बॅटरीच्या उजेडात चमकणारे तरसाचे डोळे, दोनदा. चिंकारा, आधी एकटी मादी, आता तिघं-चौघं. उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालणारी धाविक, पखुर्डी, टिटवी, डोंबारी चंडोल. आणि थंडीत मध्य आशियाकडून येणारे भोवत्या. हा शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाही, उंच गवतात जमिनीवर झोपतो. यातल्या बहुतेकांना झाड नको आहे. त्यांना लांबवरचं दिसलं पाहिजे. माळावर दाट झाडी उभी केली की ही मंडळी निघून जातात. येतात त्यांच्या जागी कावळे आणि साळुंक्या, जे आपल्या गल्लीतही आहेत.

आणि फक्त पाखरांसाठी म्हणत नाही. २०१९ चा उन्हाळा आठवा. जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. घरचं जनावर छावणीत, त्याच्याजवळ घरातला एक माणूस महिनोन्महिने छावणीत, पोरांची शाळा एकीकडं, म्हातारी माणसं एकीकडं. छावणी म्हणजे काय, तर गावाच्या डोंगरावर गवत उरलं नाही याची पावती. ऊस तोडून जनावराला घालावा लागतो तेव्हा 'पडीक' माळाची किंमत कळते. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपण घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकल्यात. त्या गोष्टींत धान्याइतकाच चारा येतो.

आता कुणी म्हणेल, मग हिवरे बाजारचं काय? तिथं तर झाडं लावूनच क्रांती झाली. नगरपासून सतरा-अठरा किलोमीटरवरचं गाव. बाहेरच्या राज्यांतून, परदेशातून लोक बघायला येतात आणि आपल्यातले कितीतरी जण अजून गेलेले नाहीत. मी अनेकदा गेलोय, पाहुण्यांना घेऊन गेलोय. हिवरे बाजारची गोष्ट आपण अर्धीच सांगतो, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

साधारण ९७५ हेक्टरचं गाव, भोवती डोंगर. ऐंशीच्या दशकात डोंगर बोडके झालेले, विहिरी आटलेल्या, दारू, भांडणं, रोजगारासाठी बाहेर गेलेली माणसं. सरकारी नोकराची बदली इथं झाली की ती शिक्षा समजली जायची. १९८९ मध्ये पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीनं आधीच वाट दाखवलेली होती. ग्रामसभेत ठराव झाले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. वनखात्याची जमीन गावानं खात्याला सोबत घेऊन राखायला घेतली. त्याच सुमारास १९८८ चं वन धोरण आणि १९९० चं केंद्राचं पत्रक आलं होतं, ज्यानं गावाला आणि वनखात्याला एकत्र काम करायची वाट कागदावर मोकळी केली. पुढे आदर्श गाव योजना आली. डोंगरावर समतल चर निघाले, बांध पडले, झाडं लागली, भरपूर लागली.

पण ती यादी परत वाचा. पाच गोष्टींत 'वृक्षारोपण' हा शब्द नाही. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आहे. म्हणजे जे उगवतंय त्याला हात लावायचा नाही. जनावर डोंगरावर सोडायचं नाही, विळा घेऊन जायचं आणि गवत कापून आणायचं. दोन-तीन पावसाळ्यांत गवत उभं राहिलं, गवतामुळे माती थांबली, मातीमुळे पाणी थांबलं, पाण्यामुळे लावलेलं झाड जगलं. गवत मिळायला लागल्यावर लोकांनी शेळ्या कमी करून दुभती जनावरं वाढवली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला गावात दिवसाला दीडशे लिटर दूध निघायचं, ते पुढे चार हजार लिटरच्या घरात गेलं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाहीत, दरवर्षी पाऊस मोजायचा आणि त्या हिशेबानं कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. २००७ मध्ये पाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री. फोटोत दिसतात ती झाडं. फोटोत न दिसणारी गोष्ट ही की तीसेक वर्षं एका गावानं रोज स्वतःला "नाही" म्हटलं. हे एका जूनमध्ये होत नाही.

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट, उलट बाजूची. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. नान्नजचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्या अभयारण्यात सोलापूरबरोबर आपले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा हे तालुकेही होते. क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्म्या आकाराएवढं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं आलं. ज्यांच्या सातबाऱ्यावर अभयारण्य चढलं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली आणि लोकांच्या मनात एक साधं समीकरण बसलं: माळढोक दिसला की आपण अडकलो. पुढे कोर्टकचेऱ्या होऊन ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. तोवर व्हायचं ते झालं होतं. आज आपल्या भागात माळढोक दिसणं ही पेपरातली बातमी असते. पक्षी अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आले की शिकार, शेती, विजेच्या तारा यांच्याबरोबर माळावर केलेल्या वृक्षलागवडीनंही त्याची जागा खाल्ली. हेतू चांगला होता, कागद भक्कम होता. राखणारं माणूसच आपल्या बाजूला नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, या दोन्हींच्या मधली. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य. १९८० चं. क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर. सकाळी फिरायला जाणारा माणूस दोन तासांत त्याच्या कडेनं चक्कर मारून येईल. एवढ्याशा तुकड्यावर काळवीट टिकले, कारण ते तेवढ्यावर थांबत नाहीत, आजूबाजूच्या शेतात, माळावर फिरतात. म्हणजे रेहेकुरी टिकवलं ते जसं वनरक्षकांनी, तसं कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्यांनीही. ज्वारीत काळवीट शिरल्यावर शिव्या देणारा, पण फासा न लावणारा शेतकरी हा त्या अभयारण्याचा बिनपगारी राखणदार आहे. त्याचं नाव कुठल्याही बोर्डावर नसतं.

मुद्दा इथं येतो. रान राखायचं तर ज्याचं त्यात नुकसान आहे, त्याच्याशी आधी बोलावं लागतं. आमच्या डोंगरावर हे नुकसान कुणाचं होतं? शेळ्यावाल्यांचं. चराईबंदीच्या पहिल्या वर्षी गावातल्या एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "तुमचं बरंय बाबा. तुम्ही रविवारी येता. माझ्या शेळ्यांना रोज पोट आहे." याला उत्तर नाही. निसर्गाचं महत्त्व, जैवविविधता, हवामान बदल, यातलं काहीही त्या वाक्यापुढं टिकत नाही. मावशींना जमीन नाही, चाळीस शेळ्या हाच त्यांचा सातबारा.

मग ग्रामसभेत चार बैठका झाल्या, भांडणं झाली, एकदा खुर्च्याही सरकल्या. शेवटी ठरलं ते असं. खालचा उतार आणि ओढ्याकाठ शेळ्यांसाठी बारमाही मोकळा. वरचा माळ बंद, पण कापलेल्या गवतावर पहिला हक्क भूमिहीनांचा, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. गोठ्यात दहा गाई असणाऱ्यानं भाऱ्याला पैसे द्यायचे, ते पैसे राखणीच्या खात्यात. दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या आसपास बैठक घेऊन पुढच्या वर्षी हेच चालू ठेवायचं का ते परत विचारायचं. बाहेरून येणाऱ्या मेंढपाळांचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. त्यांची वाट पिढ्यान्‌पिढ्या याच डोंगराच्या कडेनं जाते, त्यांना एक पट्टा वाटेसाठी सोडलाय, पण पाऊस लांबलेल्या वर्षी ताण येतोच. हे मी लपवत नाही, कारण "लोकसहभाग" हा शब्द लोक फार गुळगुळीत करून वापरतात. लोकसहभाग म्हणजे बऱ्याचदा लोकांचं भांडण, फक्त ते मिटेपर्यंत सगळे बसून राहतात.

जेसीबीचे पाच हजार खड्डे वरच्या माळावर पडले असते तर सगळ्यात आधी काय मोडलं असतं? हा ठराव. कारण तो ठराव गवतावर उभा आहे. गवताच्या जागी रोपं आली की त्यांना कुंपण आलं, कुंपणात विळाही चालत नाही. मावशींना आम्ही कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की तुमच्या शेळ्या बंद केल्या आणि आता गवतही बंद?

आता आगीबद्दल. गेल्या मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमारास फोन आला. फोन मेंढपाळांच्या वाड्यावरून होता. "वर पेटलंय." कुणीतरी बांध पेटवून दिला होता आणि वाऱ्यानं ठिणगी वर नेली. आम्ही शहरातून पोचेस्तोवर पाऊण तास गेला. तोपर्यंत गावातली पोरं कडुलिंबाच्या ओल्या फांद्या घेऊन भिडली होती, वनरक्षक एक ब्लोअर घेऊन आले होते. जाळरेषेपाशी आग अडली म्हणून दोन भाग वाचले, एक भाग गेला. रात्री दीडला खाली उतरलो तेव्हा सगळ्यांचे डोळे लाल आणि चपला वितळलेल्या. सकाळी बघायला गेलो तर राखेत कोळ झालेले सरडे आणि एका घरट्यात तडकलेली दोन अंडी.

आपल्याकडं पक्का समज आहे की जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमात येतं. पहिला कोंब हिरवागार दिसतो हे खरं, कारण जुनं वाळलेलं गवत आड नसतं. पण उन्हाळ्यात जनावराला लागणारा सुका चारा गेला, जमिनीवर पडलेलं बी गेलं, आणि जूनचा पहिला दणका उघड्या मातीवर पडतो, ती माती ओढ्यानं वाहून जाते. दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर मुरूम तेवढा उरतो. आणि वनजमिनीला आग लावणं हा गुन्हा आहे, हेही कुणी सांगत नाही.

आता थोडं सरकारबद्दल, कुठल्या एका पक्षाबद्दल नाही. वनमहोत्सव १९५० पासून चालू आहे. आपल्या राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी झाडांची उद्दिष्टं ठेवली गेली. मग किती जगली यावर वाद झाला, चौकशीला विधिमंडळाची समिती नेमली गेली. या सगळ्यात मोजलं गेलं ते रोप. राखण मोजायला कुणाकडं रकाना नाही. किती संध्याकाळी माणूस वर बसला, किती आगी अर्ध्या एकरात विझल्या, किती कोंब न खाता वाढले, याचा आकडा कुठल्या प्रगतिपुस्तकात येत नाही. आणि ज्याचा आकडा येत नाही त्याला निधी येत नाही. रोपाला निधी आहे, खड्ड्याला आहे, बोर्डाला आहे. फेब्रुवारी ते जून दोन राखणदारांच्या मजुरीला नाही. ती आम्ही खिशातून आणि गवताच्या पैशातून भागवतो.

कायद्यात मात्र जागा आहेत. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं दोन प्रकार आले. सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून, संवर्धन राखीव. आणि गावच्या किंवा खाजगी जमिनीवर, लोक स्वतःहून तयार असतील तर, सामुदायिक राखीव, ज्याच्या समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. नाशिक जिल्ह्यात बोरगड २००८ मध्ये संवर्धन राखीव झालं. आपल्या कोपरगावच्या पलीकडं, येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी तसंच राखीव क्षेत्र आहे. शिवाय प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. हरित लवादानं मुदत घातल्यावर २०२० च्या आसपास गावोगाव या नोंदवह्या भराभर झाल्या. तुमच्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीत जाऊन मागा. त्यात गवतांची नावं आहेत का बघा. नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन डोंगरावर जा आणि लिहून आणा. गवतांची नावं सांगणारी ही शेवटची पिढी आहे.

ज्यांनी यंदा रोपं देऊ केली, त्या सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आणि ही आमची यादी.

एक. दोन राखणदारांची चार महिन्यांची मजुरी. गावातलीच माणसं, गावच्या ग्रामसभेनं निवडलेली. एखादी संस्था एक महिना उचलू शकते, एखादं कुटुंब एक आठवडा. वाढदिवसाला पन्नास रोपांऐवजी एका आठवड्याची राखण द्या, पावती ग्रामपंचायत देईल.

दोन. जानेवारीत जाळरेषा काढायला माणसं. रविवारी सकाळी साडेसहा ते दहा. विळा नसेल तर आम्ही देऊ. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि बूट घालून या.

तीन. आगीच्या मोसमात आठवड्यातून एक संध्याकाळ. नुसतं वर बसायचं आहे. पुस्तक आणा, पोरांना आणा. मोबाइलला रेंज आहे. धूर दिसला तर आधी वनरक्षकाला फोन, तो लागला नाही तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन, मग ग्रुपवर. सवय नसेल तर आगीच्या तोंडाला कुणीही जायचं नाही. पाणी पोचवणं, बॅटरी धरणं, रस्त्यावर वाहनं थांबवणं, हेही काम आहे.

चार. ज्यांना झाडंच लावायचीत त्यांनी जरूर लावावीत. पायथ्याच्या गावात ओढ्याकाठी जागा काढून ठेवलीय, यादी शाळेत लावलीय. अट एकच: लावणाऱ्यानं तीन उन्हाळे पाणी घालायचं. पहिल्या वर्षी येणारे बरेच असतात. तिसऱ्या उन्हाळ्यात जो येतो, त्याला आम्ही आमच्यातला समजतो.

पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टची आहे. वरच्या माळाचा विषय पटलावर आहे आणि कंपनीचा प्रस्तावही परत येणार असं ऐकतोय. गावातले जे मित्र ही पोस्ट वाचतायत त्यांनी त्या दिवशी झेंडावंदन करून लगेच घरी जाऊ नका. थांबा. बाजूनं बोला, विरोधात बोला, पण हात वर करताना तिथं हजर राहा. मावशी येणार आहेत. त्यांनी मला तसा निरोप दिलाय, आणि गेल्या वर्षीच्या गवताचा हिशेबही मागितलाय. तो मी लिहून तयार ठेवलाय.